एसएक्स ५० आणि एसएक्स ६०: लांबच्या टोकाची तुलना

कॅननचा पॉवरशॉट एसएक्स ५० एचएस हा कॅमेरा २०१२ साली आला, तेव्हा ५० पट झूम ही नजरेत भरणारी गोष्ट होती. ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात त्याची लेन्स २४ पासून १२०० मिमीपर्यंत जाते आणि सेन्सर १२.१ मेगापिक्सेलचा आहे. २०१४ साली आलेल्या एसएक्स ६० एचएसने झूम ६५ पटींवर नेला, लेन्सचा पल्ला २१ ते १३६५ मिमी झाला आणि पिक्सेल १६.१ मेगापिक्सेल झाले. सेन्सरचा आकार मात्र दोन्हींत तोच, म्हणजे १/२.३ इंच या वर्गातला, सुमारे ६.२ मिमी रुंद आणि ४.६ मिमी उंच. पूर्ण झूमवर लेन्सचे कमाल छिद्रही दोन्हींत एफ/६.५ एवढेच आहे. जुन्या कॅमेऱ्यावर मी दीर्घकाळ चंद्र आणि पक्षी टिपले आहेत आणि त्याच्या चित्रांवर माझा जीव आहे. म्हणून नवा कॅमेरा हाती आल्यावर जुना बाजूला ठेवण्याआधी दोघांना एकाच विषयासमोर, एकाच वेळी उभे करायचे ठरवले. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: झूमच्या लांबच्या टोकावर, जिथे असा कॅमेरा घेणारा माणूस प्रत्यक्षात त्याचा वापर करतो, तिथे वाढलेल्या आकड्यांतले किती चित्रात उतरते?

तुलना करायची तर ती न्याय्य हवी, आणि तसे जमवून आणण्यातच बराच वेळ जातो. ट्रायपॉडवर कॅमेरा बसवला की प्रतिमा स्थिर करणारी यंत्रणा बंद करायची, शटरचे बटण दाबल्याचा हादरा चित्रात येऊ नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) आणि शटर हाताने ठरवून दोन्हींत सारखे ठेवायचे. जुन्या कॅमेऱ्यात आयएसओ ८० मिळतो, नव्यात सर्वांत खालचा १०० आहे. त्यामुळे दोन्ही १०० वर ठेवले. प्रत्येक चित्रासाठी फोकस नव्याने घ्यायचा, अशी बरीच चित्रे काढायची आणि प्रत्येक कॅमेऱ्याचे सर्वोत्तम चित्र तेवढे तुलनेला घ्यायचे, कारण इतक्या लांब झूमवर फोकस केसभर हलला तरी फरक कॅमेऱ्याचा की फोकसचा हे सांगता येत नाही. कॅमेरे आलटून पालटून लावणेही आवश्यक आहे. आधी एकाची सगळी चित्रे आणि मग दुसऱ्याची, असे केले तर मधल्या काळात हवा बदललेली असते. दोन्ही कॅमेऱ्यांना एनबी-१०एल ही एकच बॅटरी चालते, ही लहानशी गोष्ट या अदलाबदलीत फार सोयीची ठरली.

सगळ्यांत महत्त्वाचा नियम चित्रे पाहण्याचा आहे. संगणकावर दोन्ही चित्रे शंभर टक्के मोठी करून शेजारी ठेवण्याची पद्धत सोपी आहे, पण ती नव्या कॅमेऱ्यावर अन्याय करते. १६ मेगापिक्सेलच्या सेन्सरवरचा एकेक पिक्सेल सुमारे १.३४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे, तर १२ मेगापिक्सेलच्या सेन्सरवरचा १.५४ मायक्रॉनचा. क्षेत्रफळाच्या हिशेबाने नव्याच्या एका पिक्सेलला जुन्याच्या तीन चतुर्थांश एवढाच प्रकाश मिळतो, म्हणून शंभर टक्क्यांवर ते चित्र अधिक रवाळ दिसणारच. मात्र त्याच विषयावर नव्या कॅमेऱ्याचे पिक्सेलही जास्त पडलेले असतात. चित्रातला पक्षी किंवा चंद्र दोन्हीकडे सारख्याच आकाराचा दिसेल असे मापात आणूनच निवाडा करायला हवा. मी प्रत्येक जोडी तशीच पाहिली, आणि आधी जेपेग (कॅमेऱ्याने स्वतः तयार केलेले चित्र) व नंतर रॉ (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न झालेली माहिती) अशा दोन्ही स्वरूपांत पाहिली. हे दोन्ही कॅमेरे रॉ फाइल देतात, हे या वर्गात मोठे सुख आहे.

पहिला विषय चंद्र घेतला. पौर्णिमेचा चंद्र देखणा असला तरी परीक्षेला निरुपयोगी असतो, कारण त्यावर ऊन समोरून पडते आणि विवरांच्या सावल्या नाहीशा होतात. शुक्ल अष्टमीच्या पुढच्या एखाद-दोन दिवसांत, प्रकाश आणि अंधाराच्या सीमारेषेजवळ, दक्षिणेकडे क्लेव्हियस हे सुमारे २३० किमी व्यासाचे प्रचंड विवर उजेडात येऊ लागते. त्याच्या तळावर लहान विवरांची एक कमान आहे आणि ती विवरे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आकाराने उतरत जातात. शेवटची साधारण डझनभर किलोमीटर व्यासाची आहेत. लेन्सची परीक्षा पाहण्यासाठी याहून चांगला तक्ता कोणी छापलेला नाही. कमानीतले कितवे विवर स्पष्ट दिसते एवढेच मोजायचे.

चंद्राची सेन्सरवरची प्रतिमा किती मोठी पडते, हे लेन्सच्या खऱ्या नाभीय अंतरावर (भिंगापासून दूरच्या वस्तूची प्रतिमा जुळते तिथपर्यंतच्या अंतरावर) अवलंबून असते. १२०० आणि १३६५ हे आकडे ३५ मिमीच्या तुलनेचे आहेत. खरे नाभीय अंतर जुन्यात २१५ मिमी आणि नव्यात २४७ मिमी आहे. त्यानुसार जुन्या सेन्सरवर चंद्र जेमतेम २ मिमीचा, तर नव्यावर २.२ मिमीपेक्षा थोडा जास्त पडतो. पिक्सेलमध्ये सांगायचे तर चंद्राचा व्यास जुन्या कॅमेऱ्यात साधारण १,२७० आणि नव्यात १,६७० पिक्सेल भरतो. एवढे वाचून कोणालाही वाटेल की नव्या कॅमेऱ्यात चंद्रावरचा तपशील जवळजवळ एक तृतीयांशाने वाढणार.

चित्रात तसे दिसत नाही, आणि त्याचे कारण प्रकाशाच्या स्वभावात आहे. गोल छिद्रातून येणारा प्रकाश एका बिंदूत कधीच एकवटत नाही, विवर्तनामुळे त्याची एक चकती होते. एफ/६.५ ला हिरव्या प्रकाशासाठी त्या चकतीचा व्यास ८.७ मायक्रॉनच्या आसपास येतो. म्हणजे भिंग कितीही निर्दोष घासलेले असले तरी ताऱ्याचा एक बिंदू जुन्या सेन्सरवर पाच-सहा पिक्सेल रुंदीवर आणि नव्यावर सहा-सात पिक्सेल रुंदीवर पसरतो. जुन्या कॅमेऱ्याचे पिक्सेलच या टोकावर लेन्सच्या कुवतीला पुरेसे होते. त्यांहून बारीक पिक्सेल लावल्याने तीच चकती अधिक तुकड्यांत मोजली जाते, नवे काही दिसत नाही.

नव्या लेन्सची खरी कमाई दुसरीकडे आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. एफचा आकडा म्हणजे नाभीय अंतर आणि छिद्राचा व्यास यांचे गुणोत्तर, म्हणून तो आकडा सारखा असला तरी छिद्र सारखे नसते: २१५ ला ६.५ ने भागले की समोरून प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा व्यास ३३ मिमी येतो, आणि २४७ ला भागले की ३८ मिमी. दोन जवळच्या वस्तू वेगळ्या दिसण्याची मर्यादा या व्यासावर ठरते. ३३ मिमीला ती सुमारे ४.२ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आहे, तर ३८ मिमीला ३.६ विकला. चंद्राच्या अंतरावर याचा अर्थ अनुक्रमे जवळजवळ ८ किमी आणि ७ किमीपेक्षा किंचित कमी असा होतो. प्रगती आहे, पण ती साधारण १५ टक्क्यांची, आणि तीही हवा स्थिर असेल व लेन्स टोकावरही तितकीच काटेकोर असेल तरच. छिद्र मोठे असल्यामुळे एकाच शटरमध्ये एकाच विषयाकडून नवा कॅमेरा सुमारे ३० टक्के अधिक प्रकाश गोळा करतो, हा त्याचा दुसरा, आणि माझ्या मते मोठा, फायदा आहे.

प्रत्यक्ष चित्रांत मला हेच दिसले. चंद्र आकाशात उंच असताना आणि हवा शांत असताना काढलेल्या रॉ फाइलींत, समान आकाराला आणल्यावर, नव्याचा सावल्यांकडचा भाग अधिक स्वच्छ होता आणि क्लेव्हियसमधल्या कमानीचे धाकटे टोक जरा अधिक निश्चितपणे दिसत होते. जुन्यात ते विवर आहे हे माहीत असल्यावर दिसते. नव्यात ते न सांगता दिसते. चंद्र क्षितिजाकडे उतरू लागला की हा फरक नाहीसा होत गेला, कारण मग दोघांनाही वातावरणाचा जाड थर भेदून पाहावे लागते आणि तो थर ३३ व ३८ मध्ये भेद करत नाही.

या कामात पृथ्वीच्या फिरण्याचाही हिशेब ठेवावा लागतो. पूर्ण झूमवर चौकटीच्या मध्यभागी ठेवलेला चंद्र साधारण तीन-साडेतीन मिनिटांत जुन्या कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर निघून जातो, नव्यात त्याहूनही लवकर. ट्रायपॉडचे डोके सैल असेल किंवा कॅमेऱ्याच्या वजनाने खाली झुकत असेल, तर दर वेळी तो पुन्हा शोधण्यात चांगली हवा निघून जाते.

चंद्राच्या कामात नव्याचा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायचा छोटा पडदा) मला फार आवडला. जुन्याचा फाइंडर २,०२,००० डॉटचा आहे. एका पिक्सेलला तीन रंगांचे तीन डॉट लागतात, त्यामुळे डोळ्याला मिळतात सुमारे ६७ हजार पिक्सेल, आणि त्यांतून विवराची कड तीक्ष्ण आहे की नाही हे ठरवणे ही केवळ सवयीची बाब होऊन बसते. नव्याचा फाइंडर ९,२२,००० डॉटचा आहे, म्हणजे तीन लाखांहून अधिक पिक्सेलचा. त्यात हाताने फोकस फिरवताना कड घट्ट होत जाते आणि पुन्हा सुटते ते डोळ्याला कळते. मागची स्क्रीनही २.८ इंच आणि ४,६१,००० डॉटवरून ३ इंच आणि ९,२२,००० डॉटवर गेली आहे. दोन्हींची स्क्रीन बाहेर उघडून फिरवता येते, आणि डोक्यावरच्या चंद्राकडे रोखलेल्या कॅमेऱ्यामागे मान वाकडी न करता उभे राहता येणे ही दोघांचीही मोठी सोय आहे. डोळा जवळ नेल्यावर आपोआप फाइंडर सुरू करणारा सेन्सर मात्र नव्यातही दिलेला नाही. तो असायला हवा होता.

रुंद टोकाकडची सुधारणा थोडक्यात सांगता येईल. २४ वरून २१ मिमीवर गेल्याने कर्णावरचा दृश्यकोन ८४ अंशांवरून ९२ अंशांवर जातो, आणि अरुंद जागेत किंवा उंच इमारतीसमोर तो लगेच जाणवतो. चलचित्रासाठी नवा कॅमेरा निःसंशय पुढे आहे: १०८० ओळींच्या चित्रणात जुना सेकंदाला २४ चौकटी देतो, नवा ६०, शिवाय बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याची सोय आणि वायफायही नव्यातच आहे. वजन ५९५ ग्रॅमवरून ६५० ग्रॅम झाले आहे, पण गळ्यात अडकवल्यावर ते मला कधी जाणवले नाही.

पक्ष्यांच्या बाबतीत निकाल इतका सरळ नाही. पहिला प्रश्न पक्षी चौकटीत येण्याचाच असतो. २० मीटरवर पूर्ण झूमला जुन्याची चौकट सुमारे ५७ सेंमी रुंद जागा दाखवते, नव्याची ५० सेंमी. स्थिर बसलेल्या खंड्यासाठी हा फरक नगण्य आहे. पानांच्या गर्दीत फांदी बदलत राहणाऱ्या लहान पक्ष्यासाठी मात्र पुष्कळ. दोन्ही कॅमेऱ्यांच्या लेन्सच्या नळीवर डाव्या हाताच्या बोटांखाली एक बटण आहे, जे दाबून धरले की झूम मागे सरतो, पक्षी सापडला की सोडायचे, आणि कॅमेरा पुन्हा पहिल्या लांबीवर जातो. अशा कॅमेऱ्याचे उपयोगीपण या बटणावर किती अवलंबून आहे, हे ते वापरल्याशिवाय लक्षात येत नाही.

सलग चित्रे काढण्याच्या पद्धतीत दोघांचा स्वभाव वेगळा आहे. जुन्या कॅमेऱ्यात एका खास मोडमध्ये सेकंदाला १३ या वेगाने १० चित्रे निघतात, पण फोकस पहिल्या चित्राला गोठतो आणि फाइल फक्त जेपेगची मिळते. नव्यात सेकंदाला सुमारे ६.४ चित्रे निघतात, आणि प्रत्येक चित्रासाठी फोकस नव्याने घ्यायला सांगितले तर ३.८. फांदीवरून उडण्याच्या बेतात असलेल्या पक्ष्यासाठी जुन्याचा तो झपाटा अजूनही कामाचा आहे. उडत जवळ येणाऱ्या घारीसाठी नव्याची पद्धत बरी. खऱ्या अर्थाने उडत्या पक्ष्याचा पाठलाग करण्यासाठी यांपैकी एकही कॅमेरा घडवलेला नाही.

बसलेल्या पक्ष्याच्या पिसांवर माझी सर्वाधिक चित्रे खर्च झाली. कॅमेऱ्यातून थेट मिळणाऱ्या जेपेगमध्ये, समान आकाराला आणल्यावरही, मला जुन्याची पिसे अधिक पसंत पडली: छातीवरच्या बारीक रेषा त्यात वेगवेगळ्या राहतात, तर नव्याची प्रक्रिया सफाईकडे झुकते आणि त्याच रेषा जरा एकमेकींत मिसळतात. रॉ फाइली उघडून दोघांना एकाच पद्धतीने, रवाळपणा फारसा न पुसता तयार केल्यावर हा फरक मिटला. काही जोड्यांत तर नवा किंचित पुढे गेला. म्हणजे सेन्सर आणि लेन्स यांनी टिपलेला तपशील फाइलमध्ये होता, तो जेपेग बनताना कमी झाला होता.

असे का होते, याचे उत्तर पुन्हा त्याच विकलांच्या हिशेबात सापडते. २० मीटरवर ४.२ विकला म्हणजे सुमारे ०.४ मिमी आणि ३.६ विकला म्हणजे ०.३५ मिमी. पिसाचे धागे याच मापाच्या आगेमागे असतात, त्यामुळे ते दोन्ही लेन्सच्या कुवतीच्या अगदी काठावर येतात आणि चित्रात अत्यंत फिकट फरकाने उमटतात. पिक्सेल जितका लहान तितका त्यातला रवाळपणा जास्त, आणि रवाळपणा पुसणाऱ्या प्रक्रियेला फिकट धागा आणि फिकट रवा यांत भेद करणे कठीण जाते. ती दोघांनाही पुसते. चंद्रावरच्या विवराची कड उजेड आणि सावली अशी ठळक असते, म्हणून ती या प्रक्रियेतून सहीसलामत सुटते. त्याच दोन कॅमेऱ्यांचा चंद्रावरचा निकाल वेगळा आणि पिसांवरचा वेगळा का, हे कोडे मला बराच काळ होते, ते इथे सुटले. २०१८ साली याच मालिकेत आलेल्या एसएक्स ७० मध्ये लेन्सचा पल्ला २१ ते १३६५ मिमी हाच ठेवून पिक्सेल २०.३ मेगापिक्सेल केले गेले. विवर्तनाचा हिशेब तिथेही एफ/६.५ चाच आहे, त्यामुळे त्या वाढीव पिक्सेलकडून लांबच्या टोकावर मी अधिक तपशिलाची अपेक्षा करणार नाही.

या मापांमुळे मला एक शेवटची जोडी काढून पाहावीशी वाटली. एका फांदीवर पक्षी ठराविक जागी येऊन बसत असे आणि हळूहळू, थांबत थांबत पुढे सरकले तर तो जवळ येऊ देत असे. नव्या कॅमेऱ्याने साधारण २० मीटरवरून चित्र घेतले आणि जुन्याने त्याच्या निम्म्या अंतरावरून. १० मीटरवर जुन्याची मर्यादा ०.२ मिमीवर येते आणि मधल्या तापलेल्या हवेचा थरही निम्मा होतो. ते जुन्याचे साधे जेपेग नव्याच्या उत्तम रीतीने तयार केलेल्या रॉ चित्राच्या इतके पुढे होते की त्यांना समान आकाराला आणून पाहण्याचीही गरज उरली नाही. पिसाचा मधला दांडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे धागे सरळ मोजता येत होते.

जुना कॅमेरा मी ठेवला आहे. रात्री चंद्रासाठी आणि चलचित्रासाठी नवा ट्रायपॉडवर चढतो, रॉ स्वरूपात. सकाळी पक्ष्यांच्या मागे चालत जाताना, जेव्हा चित्रे संगणकावर तयार करायला वेळ मिळणार नसतो, तेव्हा हातात जुना असतो. दोघांच्या बॅटऱ्या एकाच चार्जरवर भरतात. पक्षी दिसला की पहिल्या जागेवरून एक चित्र घ्यायचे, मग तो बिचकणार नाही अशा बेताने जितके पुढे जाता येईल तितके जायचे आणि खरी चित्रे तिथून घ्यायची, हा क्रम आता दोन्ही कॅमेऱ्यांसाठी सारखाच आहे.